ट्रक मोकळा ठेवणारा ट्रेलर

अमेरिकेत आलेला मराठी माणूस नायगारा बघतो, ग्रँड कॅन्यनच्या कठड्याला टेकून फोटो काढून घेतो आणि तो फोटो नागपूरला धाडतो. आम्ही तिघांनी त्या वर्षीची मार्चमधली सुट्टी ट्रेलर बघण्यात घालवली. इलिनॉय, मिझुरी आणि कॅन्सस अशी तीन राज्यं पालथी घातली, पण सांगण्यासारखं प्रेक्षणीय स्थळ एकही पाहिलं नाही. ट्रेलर मात्र इतके पाहिले, की माझी बायको रत्ना अजूनही हायवेवर एखादा दिसला की मान वळवून बघते.

आधी दोन वस्तूंची ओळख करून द्यायला हवी, कारण त्या आपल्याकडे नाहीत. पहिली ट्रक कॅम्पर. इथल्या पिकअप ट्रकला मागे उघडा हौदा असतो. त्या हौद्यात बसेल असं एक छोटं घर मिळतं. आत गॅसची शेगडी, बेसिन, टेबल, आणि पुढचा भाग ड्रायव्हरच्या टपावर आलेला असतो, त्यात गादी. घराला चार लोखंडी पाय असतात. ते हँडल फिरवून खाली सोडले की घर अधांतरी उचललं जातं आणि खालून ट्रक काढून घेता येतो.

दुसरी वस्तू गूसनेक ट्रेलर. साधा ट्रेलर ट्रकच्या बंपरखाली अडकवतात. गूसनेकला पुढे हंसासारखी उंच मान असते. ही मान ट्रकच्या मागच्या फळीवरून आत येते आणि हौद्याच्या मधोमध, बरोबर मागच्या चाकांच्या वर, बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकते. बैलगाडीचं ओझं बैलाच्या मानेवर यावं, शेपटीवर येऊ नये, एवढंच त्यातलं तत्त्व. त्यामुळे गूसनेकवर दुप्पट वजन लादलं तरी तो मागे झुलत नाही.

चाणाक्ष वाचकाच्या एव्हाना एक गोष्ट लक्षात आली असेल. माझ्या आली नव्हती.

मी वेल्डिंग इन्स्पेक्टर. स्वतः वेल्डिंग करत नाही, दुसऱ्यांनी केलेल्या वेल्डिंगला नावं ठेवायचा पगार घेतो. शिकागोजवळ बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात आठ वर्षं होतो, तो नोव्हेंबरात बंद पडला. त्यानंतर तीन महिने मी नेपरव्हिलच्या घरात येरझाऱ्या घालत होतो. बर्फ पडो न पडो, फावडं घेऊन बाहेर जायचो. कपडे धुण्याचं मशीन तीन वेळा जागेवरून हलवलं. रत्ना एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ती संध्याकाळी घरी आली की आधी दारात उभी राहून आज काय कुठे गेलंय ते बघायची.

मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला काम आलं. ओक्लाहोमात जमिनीखालून गेलेल्या जुन्या गॅस पाइपलाइनचे जोड तपासायचे, वर्षभर. दर काही आठवड्यांनी मुक्काम पुढे सरकणार, म्हणून राहायची सोय आपली आपण करायची. जोडांचे एक्स-रे काढून फिल्म जागेवरच धुवायला कंपनीकडे पत्र्याची एक डार्करूम होती, सोबत जनरेटर. ती जड होती आणि ती ओढायला ट्रक आणि ट्रेलर आपला आणायचा. त्यांनी फोनवर बजावून सांगितलं होतं, ‘गूसनेकच आणा.’ एक एप्रिलला ट्रेलर घेऊन हजर झालो नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं.

रत्नाची नोकरी आणि आमच्या सुजाताची शाळा नेपरव्हिलमध्ये, तेव्हा त्या दोघी तिथेच राहणार, हे न बोलता ठरलं. सगळ्यांनी मला धीर दिला. वर्ष काय, बघता बघता जाईल, असं सगळे म्हणाले. मी मान हलवून हो म्हणत होतो. खरं सांगायचं तर मला वाईट वाटतच नव्हतं. जायचं ठरल्यापासून मला गाढ झोप लागत होती. माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी आहे, आणि बायको, मुलगी, स्वतःचं घर असूनही ती थांबलेली नाही, याची मला लाज वाटत होती. हे मी रत्नाला सांगितलं नव्हतं.

इलिनॉय

निघालो तेव्हा हौद्यावर कॅम्पर बसलेला होता आणि माझ्यासमोर डॅशबोर्डवर फाइल होती. जुना पण दणकट ट्रक आणि कॅम्पर मी फेब्रुवारीतच घेऊन ठेवले होते. उरलेल्या वेळात जेवणाच्या टेबलावर बसून स्केलप्रमाणे ड्रॉइंग काढली होती. लांबी, रुंदी, उंची, वजन, प्रत्येक चाकावर किती भार, सगळं. सुजाता तेव्हा पंधराची होती. ती खिडकीशी बसून कानाला हेडफोन लावून कॅसेट ऐकत होती आणि मध्येच एखादा कान मोकळा करून आमची विचारपूस करत होती. रत्ना मध्ये बसून संत्री सोलत होती.

नेपरव्हिल सोडल्यावर दोन तास दोन्ही बाजूंना मक्याचे कापलेले खुंट. आपल्याकडे शेत म्हटलं की बांध, बांधावर झाड, झाडाखाली कुणीतरी. इथे नजर पोचेल तिथपर्यंत एकच शेत आणि त्यात एक माणूस नाही. मला ते आवडतं. रत्नाला जीव घाबरल्यासारखं होतं.

पहिल्या दुकानाचा मालक साठीचा, दातात काडी धरलेला. माझी फाइल त्यानं आदरानं चाळली. मग ट्रकला एक चक्कर मारली आणि मागे जाऊन कॅम्परच्या दारावर टकटक केली.

“मिस्टर,” तो शांतपणे म्हणाला, “मान कुठून घालणार? किचनमधून?”

मला काही समजेना. सुजातानं हेडफोन काढला.

“ओ माय गॉड, डॅड. इट्स द सेम स्पॉट.”

मी फाइल उघडली. एका कागदावर ट्रक आणि कॅम्पर. दुसऱ्या कागदावर ट्रक आणि गूसनेक. दोन्ही ड्रॉइंग बिनचूक होती. फक्त दोन्ही गोष्टी एका कागदावर मी कधी काढल्याच नव्हत्या. जिथे कॅम्परचं बेसिन येत होतं, नेमका तिथेच गूसनेकचा गोळा बसणार होता. कारखान्यात वीस फुटांवरून वेल्डिंगमधली भेग ओळखणारा माणूस मी.

“महिनाभर टेबलावर काय काढत होतास रे?” रत्नानं विचारलं. तिनं आणि मी नागपूरला एकाच कॉलेजात एकाच बाकावर प्रॅक्टिकल केली आहेत, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो नाही आणि दयामायाही नाही.

मालक भला होता. त्यानं मला दोन वाटा सांगितल्या. कॅम्पर विकून टाका आणि गूसनेक घ्या, किंवा कॅम्पर ठेवा आणि बंपरला अडकणारा साधा ट्रेलर घ्या. साधा घेतला तर कॅम्पर मागे लोंबतो म्हणून लांब दांडा लावावा लागेल, आणि त्यावर फार वजन लादता येणार नाही. एवढं सांगून तो जेवायला निघून गेला. मी सूड उगवावा तसा त्याचे चारही ट्रेलर वाकून वाकून तपासले आणि चारही नापास केले.

मिझुरी

पुढचे दोन दिवस मिझुरीत गेले. मिसिसिपी ओलांडली की जमीन वर-खाली होऊ लागते, झाडं दिसतात, आणि माझा मूड सुधारतो. एका टेकडीवर मोकळ्या मैदानात कॅम्पर लावून रत्नानं झुणका केला. ज्वारीचं पीठ ती घरून घेऊन आली होती. बाहेर वारा इतका, की कॅम्पर पाळण्यासारखा डुलत होता आणि भाकरी तव्यावर टाकताना तिला एक हात भिंतीला लावावा लागत होता. शेजारच्या कॅम्परमधलं म्हातारं जोडपं वासानं बाहेर आलं. त्यांना अर्धी-अर्धी भाकरी दिली. आजोबांनी हे काय म्हणून विचारलं. सुजातानं सांगितलं, “इट्स लाइक अ टॉर्टिया, बट विथ अ टेम्पर.” टॉर्टिया म्हणजे मेक्सिकन पोळी, आणि टेम्पर म्हणजे तिला भाकरीवरच्या लसणाच्या चटणीबद्दल म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मला साधा ट्रेलर आवडला.

छोटा, दोन आसांचा, नवाकोरा. विक्रेत्यानं लांब दांडा लावून दिला, विटांचं ओझं टाकलं आणि म्हणाला, फिरवून आणा. मी पंधरा मैल फिरवला. कॅम्पर पाठीवर, ट्रेलर मागे. माझ्या डोक्यात सगळं चित्र तयार झालं. डार्करूम हलक्या पत्र्याची नवी बनवून घेता येईल. ओक्लाहोमाचं काम संपलं की टेक्सास आहे, वायोमिंग आहे, पाइपलाइन काय सगळीकडे आहेत. अंथरूण, चूल, हत्यारं, सगळं सोबत. कुठेही थांबा, कुठूनही निघा. मी गाणं गुणगुणत स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला होता, हे मला सुजातानं सांगितल्यावर कळलं.

“मागं किती झुलतंय ते,” रत्ना म्हणाली.

“दांडा लांब आहे ना, थोडं झुलणारच. सवय होते.”

“आणि सुट्टीच्या दिवशी? हे एवढं लटांबर घेऊन नेपरव्हिलला येशील?”

“येईन की. जमेल तसं.”

 परत आल्यावर विक्रेत्यानं आशेनं आमच्याकडे पाहिलं, तर तिनं सरळ सांगून टाकलं, की हा आम्हाला नको, हा झुलतो. मला राग आला. मला वाटलं, घाबरली. वेगाला घाबरणाऱ्या माणसाला ट्रेलर निवडायला आणू नये, असं मी मनात म्हटलं आणि ते चेहऱ्यावर दिसू दिलं.

त्या दुपारी आम्ही एका हॉटेलात जेवलो. मेनूवर भेंडी बघून रत्ना हरखली. आली ती मक्याच्या पिठात घोळवून भज्यांसारखी तळलेली. तिनं दोन खाल्ल्या आणि कुणीतरी भेंडीला स्वेटर घातलाय असं म्हणून ताट माझ्याकडे सरकवलं. मग बाहेरच्या फोनवरून तिनं आमच्या मित्राला, वामनला, फोन लावला. नेपरव्हिलच्या आसपासची आमची बौद्ध मंडळी दर महिन्याला कुणाच्या तरी घरी वंदनेला जमतात, आणि बाबासाहेबांची जयंती मात्र दर वर्षी आमच्याच बेसमेंटमध्ये होते. खुर्च्या मी लावतो, पताका मी लावतो, माइक मी बिघडवतो. वामन त्याबद्दल विचारत असावा.

“जय भीम वामनभाऊ. हाव, बेसमेंट आपलंच,” रत्ना म्हणाली. “दिलीप असल का नाही ते काही सांगता येत नाही. ते ट्रेलर कोणता भेटते त्याच्यावर हाय.”

मी माझं नाव ऐकलं आणि ती गंमत करतेय असं समजलो.

मग मी गूसनेकवाल्यांकडे वळलो. कॅम्परचं काय करायचं ते सुचत नव्हतं, तरी बघायला काय हरकत, असं म्हणत तीन दुकानं केली. सगळीकडे मी जमिनीवर आडवा व्हायचो, बॅटरी आणि छोटी हातोडी घेऊन खाली शिरायचो आणि एकेक जोड ठोकून बघायचो. एकात वेल्डिंगनं कडेचं लोखंड खाल्लं होतं. एकात बारीक छिद्रं होती. एकाच्या मानेचा जोड ओबडधोबड होता. दुकानदार आधी कौतुकानं, मग कंटाळून, मग हाताची घडी घालून उभे राहायचे.

“दिलीप,” रत्ना म्हणाली, “तू ट्रेलर बघून राहिला का स्थळ? एकीचं नाक बसकं, एकीचा रंग सावळा.”

“तुला यातलं समजत नाही. माझ्या जिवाचा प्रश्न आहे.”

आता इतक्या दिवसांनी कबूल करायला हरकत नाही. त्यातले निदान दोन ट्रेलर मी कारखान्यात डोळे मिटून पास केले असते. पण गूसनेक घेतला की कॅम्पर जाणार होता, आणि पाठीवरच्या त्या घरात माझा जीव अडकला होता. वेल्डिंगला नावं ठेवणं सोपं होतं. संध्याकाळी सुजाता तिच्या स्वच्छ आवाजात म्हणाली, “डॅड, आर यू शुअर यू वॉन्ट वन?” मी तिला सांगितलं, की मोठ्यांच्या कामात बोलू नये. हातात सहा दिवस होते, त्यातले तीन संपले होते. ट्रेलर नाही म्हणून काम गेलं तर परत त्या घरात येरझाऱ्या घालायच्या, या विचारानं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

कॅन्सस

चौथ्या दिवशी कॅन्ससच्या कोपऱ्यातल्या एका गावात जनावरांच्या खाद्याच्या दुकानाबाहेर आम्ही थांबलो. दाराशी बोर्ड होता. त्यावर लोक घरच्या जाहिराती टाचणीनं लावतात, कुत्र्याची पिल्लं, गवताचे भारे, चर्चमधलं जेवण. त्यात एक पोस्टकार्ड होतं. ‘गूसनेक ट्रेलर. घरी बनवलेला. मधमाश्या सोबत मिळणार नाहीत.’

फोन केला तर एका बाईनं या म्हणून सांगितलं आणि रस्ता समजावताना डावं-उजवं न म्हणता उत्तर-दक्षिण सांगितलं. इथल्या खेड्यांत सगळे तसंच सांगतात. आमच्यातल्या कुणालाही दिशा कळत नसल्यामुळे दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला.

फोनवरची ती बाई, क्लारा, सत्तरीची असेल. उंच, ताठ, अंगात पुरुषाचा शर्ट. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला होता. तो मधमाश्या पाळायचा, आणि इथे मधमाश्या पाळणं म्हणजे सतत फिरणं. हिवाळ्यात पेट्या टेक्सासला न्यायच्या, वसंतात सफरचंदांच्या बागांतून, उन्हाळ्यात पार डकोटापर्यंत, जिकडे जो बहर असेल तिकडे. त्यासाठी त्यानं स्वतःच्या हातानं हा ट्रेलर बांधला होता. बागेच्या दोन ओळींमधून जावा म्हणून अरुंद, पण लांबलचक. लाकडी फळ्यांना अजून मेणाचा वास होता. रंग उडालेला, एका बाजूनं हिरवा, दुसऱ्या बाजूनं कुठलाच नाही.

मी नेहमीप्रमाणे बॅटरी आणि हातोडी काढली. क्लाराची नजर आमच्या ट्रककडे गेली.

“कॅम्पर ट्रकवर कशाला ठेवलाय?” तिनं विचारलं.

“मग कुठे ठेवणार?”

तिनं ट्रेलरच्या पुढच्या भागाकडे बोट दाखवलं. फळ्यांत चार लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या आणि मधलं लाकूड चौकोनी घासलं गेलेलं होतं. “आमचाही होता. तो इथे बसायचा. त्याचं नाक मानेच्या वर येतं आणि पेट्या मागे. ट्रेलर अरुंद आहे, कॅम्परचे पाय दोन्ही बाजूंनी बरोबर उतरतात. बागेत पोचलं की ट्रेलर सोडून द्यायचा. घर तिथे, माश्या तिथे, आणि ट्रक मोकळा.”

ऐकायला इतकं सोपं, की मला राग आला. महिनाभर मी कॅम्पर ट्रकवरच बसलेला बघितला होता. तो तिथून उतरून दुसरीकडेही बसू शकतो हे त्याचे चार पाय रोज फिरवूनही मला सुचलं नव्हतं. आणि सुचलं असतं तर ते मला आवडलं असतं का, हाही प्रश्नच होता. घर एका जागी उभं आणि ट्रक मोकळा, म्हणजे आठवड्याच्या शेवटी घरी न जायला निमित्त उरणार नव्हतं. मी घाईघाईनं ट्रेलरखाली शिरलो. काही ना काही सापडेलच, अशी माझी खात्री होती.

सापडली ती मधमाशी. चाकाच्या वरच्या कोपऱ्यात पाच-सात माश्या जुन्या मेणाच्या ओढीनं आल्या होत्या. त्यातली एक माझ्या डाव्या डोळ्याच्या पापणीवर चावली. मी उठायला गेलो आणि कपाळ आसावर आपटलं. क्लारानं काहीही न बोलता काटा काढला, खायच्या सोड्याचा लेप लावला आणि रत्नाला म्हणाली, चल, याचं चालू दे, आपण कॉफी पिऊ. दोघी घरात गेल्या. सुजाता पायरीवर बसून माझ्या सुजलेल्या डोळ्याचे फोटो काढत राहिली.

मी एका डोळ्यानं दोन तास तो ट्रेलर तपासला. मानेपासून सुरुवात केली. त्या माणसाचा हात काही सुंदर नव्हता. वेल्डिंगची रेघ कुठे जाड, कुठे बारीक, शाळेतल्या पोराच्या अक्षरासारखी. पण प्रत्येक जोड खोलवर गेला होता. जिथे ताण येणार तिथे त्यानं आडवी पट्टी दिली होती, आणि जिथे मी असतो तर एक दिली असती तिथे दोन. हातोडी मारली की प्रत्येक जोडातून तोच खणखणीत आवाज. परत मानेपासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा केली. मी त्याच्यात खोड शोधत होतो हे मला माहीत होतं, आणि माझ्या धंद्यात ही सगळ्यात हलकी गोष्ट समजली जाते.

रत्ना बाहेर आली. माझ्या पायाशी उकिडवी बसली.

“काही सापडलं?”

“रंग फार वाईट आहे.”

“वेल्डिंग?”

घर बदलण्याबद्दल, मूडबद्दल, भुकेबद्दल मी रत्नाशी अनेकदा खोटं बोललो आहे. वेल्डिंगबद्दल मला ते जमत नाही. आयुष्यभर त्या एका गोष्टीत मी कुणाचं ऐकलेलं नाही, साहेबाचं नाही, मालकाचं नाही.

“वेल्डिंग चांगलं आहे,” मी म्हणालो.

“मग हाच,” ती म्हणाली आणि उठली.

पाचवा दिवस सगळा ट्रेलर जोडण्यात गेला. सकाळी क्लाराच्या ओळखीच्या एका वर्कशॉपात कॅम्पर पायांवर उभा करून ट्रकच्या हौद्याला भोक पाडलं आणि गोळा बसवला. मिस्त्री माझ्या सुजलेल्या डोळ्याकडे बघून बघून काम करत होता आणि मी त्याच्या वेल्डिंगकडे. दुपारी क्लाराच्या अंगणात पुन्हा कॅम्परचे पाय सोडले, ट्रक खालून काढला, ट्रेलर जोडला आणि मागे घेत घेत कॅम्परखाली सरकवायला लागलो. उजवा मागचा पाय मऊ मातीत रुतला. कॅम्पर मान टाकल्यासारखा एका बाजूला कलला, आत डब्यांचा खणखणाट झाला आणि तुरीची डाळ दाराखालून गळायला लागली.

“स्टॉप. आय सेड स्टॉप,” सुजाता ओरडत होती. मी थांबलोच होतो, पण ती त्या दिवशी मुकादम होती.

पायाखाली फळ्या घातल्या, पुन्हा वर उचललं, पुन्हा सरकवलं. शेवटी कॅम्पर त्या घासलेल्या चौकोनात टेकला आणि चारही कड्यांना आवळून बांधला. मागे डार्करूमला पुरून उरेल एवढी जागा होती. कॅम्परचं दार आणि डार्करूम यांच्यात चार फूट मोकळे राहणार होते. रत्ना त्या चार फुटांत जाऊन उभी राहिली आणि इथे खुर्ची ठेव, ही तुझी ओसरी, म्हणाली. मी खालून तिच्याकडे बघत होतो. तिचा चेहरा खूप दिवसांनी सैल झाला होता.

ओक्लाहोमा तिथून जवळच होतं, त्यामुळे ट्रेलर आणि कॅम्पर महिनाअखेरपर्यंत क्लाराच्या अंगणातच ठेवायचं ठरलं. ती रात्र तिच्याच घरी काढली आणि सहाव्या दिवशी सकाळी मी मान गोळ्यावरून उचलली, ट्रक दहा फूट पुढे घेतला आणि आरशात पाहिलं. आमचं ते छोटं घर तिथे उभं होतं आणि आम्ही निघालो होतो. क्लारानं मधाची एक बरणी दिली. रत्नानं तिला तिखटाची पुडी दिली आणि जपून वापरा म्हणून दोनदा बजावलं.

परत

रिकामा ट्रक काय पळतो. पाच दिवस पाठीवर ओझं घेऊन चढावर धापा टाकणारी गाडी आता नुसतं पाय टेकवताच उडी घेत होती. मला मजा वाटायला हवी होती. पण मी सारखा आरशात मागे बघत होतो. सुजाता खिडकीला डोकं टेकून झोपली होती, कानातली कॅसेट बारीक वाजत होती. दोन तास मी मैलांच्या पाट्या वाचत राहिलो. मग बोललो.

“रत्ना, एक सांगायचं आहे. मला जायचं वाईट वाटत नाहीये. आनंद होतोय. घर सोडायचं म्हटल्यापासून मला बरं वाटतंय. तुमच्यावर राग नाही, काही नाही. पण हे असं आहे.”

तिनं पायाशी ठेवलेली मधाची बरणी सरळ केली.

“ठाऊक हाय मले,” ती म्हणाली. रत्ना फार मनातलं बोलते तेव्हा तिची भाषा थेट माहेरी जाते. “तो झुलणारा ट्रेलर चालवत होतास तं गाणं म्हणून राहिला होता. चार महिन्यांत घरी एकदा तरी म्हटलंस का?”

मी ट्रकचा वेग थोडा कमी केला.

“क्लारासोबत दोन तास काय बोलत होतीस?” मी विचारलं.

“मी तिले एकच विचारलं. म्हटलं, तुमचे मिस्टर घरी येत होते का? तं म्हणते, पहिली सहा वर्षं नाही. कॅम्पर ट्रकवरच होता न. जिथं जाईन तिथं घर सोबत. मंग घरी काहून येईन माणूस?” तिनं सुजाताच्या मांडीवरून घसरलेलं जॅकेट नीट केलं. “वाईट माणूस नव्हता म्हणे. तुझ्यासारखाच. आज निघतो, उद्या निघतो. मंग तिनं त्याच्यामागं लागून लागून हा ट्रेलर बनवून घेतला. ट्रक मोकळा झाला, तसा तो यायले लागला.”

 ज्या वेल्डिंगमध्ये मी तीन वेळा खोड शोधली होती, ते कुणी कुणाकडून कशासाठी करून घेतलं होतं, ते आता मला कळलं. एका जागी मी एक पट्टी दिली असती, तिथे त्यानं दोन का दिल्या असतील, तेही थोडंसं कळलं.

“मी एवढी रजा टाकून आली,” रत्ना म्हणाली, “ते काय लोखंड बघायले आली असं वाटलं तुले?”

पुढे पेट्रोल भरायला थांबलो. सुजाता जागी होऊन सोडा आणायला पळाली. मी पंपाचा नळ धरून उभा होतो आणि रत्ना पाय मोकळे करत होती. माझ्या मनात जे आलं ते मी विचारलं, जमेल तसं वगैरे काही न जोडता.

“शुक्रवारी काम सुटल्यावर ओक्लाहोमाहून निघालो, तर घरी किती वाजता पोचेन?”

तिला अॅटलास उघडावा लागला नाही, बोटं मोजावी लागली नाहीत.

“शनिवारी, पोहे गरम असतील तेव्हा,” ती म्हणाली.